विश्लेषण : ४० एकर, ८६ खेळपट्ट्या... तरी राष्ट्रीय क्रिकेट अकादमी नेमकी कोणासाठी?

उन्हाळ्याची सुट्टी लागली की मुंबईच्या शिवाजी पार्कपासून सांगली, जळगाव, अकोल्याच्या मैदानांपर्यंत क्रिकेट शिबिरांना गर्दी होते. स्वतःपेक्षा मोठी किटबॅग ओढणारी मुले-मुली आणि सावली शोधून बसलेले त्यांचे पालक, हे चित्र आता बहुतेक जिल्ह्यांत दिसते. यातील अनेकांच्या मनात एका शहराचे नाव पक्के असते, ते म्हणजे बेंगळूरु. तेथील राष्ट्रीय क्रिकेट अकादमीत (एनसीए) एकदा नाव लागले की पुढची वाट मोकळी, असा समज आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये ही अकादमी चिन्नास्वामी स्टेडियमच्या आवारातून विमानतळाजवळच्या ४० एकर जागेत गेली आणि ‘बीसीसीआय सेंटर ऑफ एक्सलन्स’ या नावाने ओळखली जाऊ लागली. जागा बदलली, नावही बदलले. मात्र पाव शतकापूर्वी होतकरू मुलांना घडवण्याच्या ज्या कामासाठी ती उभी राहिली, त्याचे काय झाले? आणि तेथपर्यंत पोहोचूनही पुढे न गेलेल्या मुलांची जबाबदारी कोणाची?

अकादमीची कल्पना आली कोठून?

क्रिकेटमध्ये अशा संस्थेचा वस्तुपाठ घालून दिला तो ऑस्ट्रेलियाने. १९८०च्या दशकाच्या मध्यास तेथील संघ वारंवार हरत होता. चॅपेल, लिली, मार्श ही पिढी एकदम निवृत्त झाली होती आणि मागून कोणी तयार नव्हते. तेव्हा १९८७ मध्ये तेथील क्रिकेट मंडळ आणि राष्ट्रीय क्रीडा संस्थेने मिळून अ‍ॅडलेड येथे अकादमी स्थापन केली. १९९० पासून दशकभर माजी यष्टिरक्षक रॉडनी मार्श यांनी ती चालवली. रिकी पॉन्टिंग, ग्लेन मॅकग्रा, जस्टिन लँगर, अ‍ॅडम गिलख्रिस्ट हे तिचे विद्यार्थी. पुढे इंग्लंडने आपली अकादमी सुरू केली तेव्हा तिच्या प्रमुखपदी मार्श यांनाच बोलावले, यावरून या प्रयोगाची पत लक्षात येते.

भारतात याच सुमारास, १९८७ मध्ये, चेन्नईत एमआरएफ पेस फाउंडेशन सुरू झाले. टायर बनवणाऱ्या एका कंपनीने वेगवान गोलंदाज घडवण्यासाठी डेनिस लिली यांना आणले. जवागल श्रीनाथ, श्रीरामपूरहून आलेला झहीर खान, मुनाफ पटेल हे तेथे घडले. शाळकरी सचिन तेंडुलकरही वेगवान गोलंदाज होण्यासाठी तेथे गेला होता आणि लिली यांनी त्याला फलंदाजीकडेच लक्ष देण्यास सांगितले, हा किस्सा सर्वश्रुत आहे. एखाद्या मुलाला काय जमेल आणि काय जमणार नाही, हे वेळेवर आणि स्पष्टपणे सांगणे, हेही प्रशिक्षण संस्थेचे काम असते, हे त्यातून दिसते.

मंडळाची स्वतःची अकादमी असावी यासाठी आग्रह धरला तो राजसिंह डुंगरपूर यांनी. १९८९ मध्ये १६ वर्षांच्या सचिनला पाकिस्तान दौऱ्यावर पाठवणाऱ्या निवड समितीचे ते अध्यक्ष होते आणि पुढे बीसीसीआयचेही अध्यक्ष झाले. २००० मध्ये बेंगळूरुत राष्ट्रीय अकादमी सुरू झाली आणि माजी कसोटीपटू हनुमंत सिंह तिचे पहिले संचालक झाले.

पहिल्या काही वर्षांत काय हाती लागले?

अकादमी उघडण्याच्या काही महिने आधी, जानेवारी २००० मध्ये, मोहम्मद कैफच्या नेतृत्वाखाली भारताने युवा विश्वचषक जिंकला होता. युवराज सिंग त्या स्पर्धेचा मानकरी ठरला. त्यामुळे ‘एनसीएने कैफ-युवराज घडवले’ असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरेल. पण ही पिढी मुख्य संघात जाण्याच्या उंबरठ्यावर असताना तिला क्षेत्ररक्षण, तंदुरुस्ती आणि आहाराची जी शिस्त हवी होती, ती देणारी व्यवस्था प्रथमच उभी राहिली. १३ जुलै २००२ रोजी लॉर्ड्सवर ३२६ धावांचा पाठलाग करताना युवराजच्या ६९ आणि कैफच्या नाबाद ८७ धावांनी नॅटवेस्ट करंडक मिळवून दिला. तेव्हा भारतीय क्रिकेट बदलत असल्याचे अनेकांना जाणवले.

त्याच पहिल्या वर्षातील दुसरी घटना मात्र अकादमीच्या मर्यादा दाखवणारी आहे. हरभजन सिंगला शिस्तभंगाच्या कारणावरून तेथून घरी पाठवण्यात आले. पुढच्याच वर्षी, २००१ मध्ये, त्याने ऑस्ट्रेलियाविरुद्धच्या तीन कसोटींत ३२ बळी घेतले. त्यात कोलकात्यातील हॅट्ट्रिकही होती. योगायोग असा, की त्याआधी दहा वर्षे शेन वॉर्नलाही अ‍ॅडलेडची अकादमी बेशिस्तीमुळे सोडावी लागली होती. जगातील दोन मोठे फिरकीपटू अकादमीच्या दाराबाहेर पडून मोठे झाले. याचा अर्थ शिस्त नको असा होत नाही. मात्र साच्यात न बसणाऱ्या मुलाचे काय करायचे, या प्रश्नाचे उत्तर अकादमीकडे असायला हवे, एवढे नक्की.

धोनी अकादमीपर्यंत पोहोचला कसा?

अकादमीचा उपयोग तिच्यापर्यंत कोण पोहोचते यावर ठरतो. मोठ्या शहरांबाहेरची मुले निवड समितीच्या नजरेसच पडत नव्हती. त्यासाठी मंडळाने २००२ मध्ये गुणवत्ता शोध विभाग सुरू केला आणि दिलीप वेंगसरकर यांच्याकडे त्याची सूत्रे दिली. माजी खेळाडूंना देशभर फिरून सामने पाहायचे आणि अहवाल पाठवायचे काम देण्यात आले. २००३ मध्ये जमशेदपूर येथील सामन्यात झारखंडच्या एका यष्टिरक्षकाचा खेळ बंगालचे माजी कर्णधार प्रकाश पोद्दार यांनी पाहिला आणि त्याचे नाव अकादमीकडे कळवले. तो महेंद्रसिंह धोनी. २००४ च्या अखेरीस तो भारतीय संघात होता आणि २००७ मध्ये कर्णधार.

ही योजना पुढे मागे पडली. आयपीएल आल्यावर गुणवत्ता शोधण्याचे काम संघमालकांनी नेमलेल्या शोधकांनी हाती घेतले. ते त्यात तरबेज आहेत, पण त्यांना हवा असतो तो ट्वेन्टी-२० चा खेळाडू. चार दिवसांच्या सामन्यात दिवसभर एका टप्प्यावर मारा करणारा गोलंदाज किंवा सकाळचे सत्र खेळून काढणारा सलामीवीर त्यांच्या यादीत सहसा नसतो. त्याला हुडकणे हे मंडळाचेच काम राहते.

अकादमीत प्रवेश मिळतो कसा?

पालकांनी नीट समजून घ्यावी अशी ही बाब आहे. राष्ट्रीय अकादमीत थेट प्रवेश नसतो. अर्ज भरून किंवा शुल्क भरून तेथे जाता येत नाही. रस्ता राज्य संघटनेतूनच जातो. शालेय आणि क्लब क्रिकेटमधून जिल्हा किंवा शहर संघ, तेथून राज्याचा संघ. मुलांसाठी १६ वर्षांखालील विजय मर्चंट करंडक, १९ वर्षांखालील विनू मंकड ही एकदिवसीय आणि कूचबिहार ही बहुदिवसीय स्पर्धा. मुलींसाठी १५ आणि १९ वर्षांखालील स्पर्धा. तेथील कामगिरी पाहून विभागीय शिबिरांसाठी निवड होते आणि त्यातून निवडक मुले बेंगळूरुला जातात. हा मुक्काम साधारणतः काही आठवड्यांच्या शिबिरांचा असतो. वर्षभराची निवासी शाळा असे त्याचे स्वरूप नाही.

त्यामुळे ‘राष्ट्रीय अकादमीत निवड करून देतो’ असे सांगून कोणी पैसे मागत असेल, तर ती फसवणूक समजावी. नावात ‘नॅशनल’ किंवा ‘इंडियन’ असलेल्या खासगी अकादम्या गावोगावी निघाल्या आहेत. त्यातील काही उत्तम काम करतात. मात्र एनसीएशी त्यांचा संबंध जोडला जात असेल, तर आपल्या जिल्हा किंवा राज्य संघटनेकडे चौकशी केल्याशिवाय विश्वास ठेवू नये.

मग तिला ‘दुरुस्ती केंद्र’ का म्हटले जाऊ लागले?

२००८ नंतर क्रिकेटचे वेळापत्रक बदलले. राष्ट्रीय संघ, आयपीएल आणि स्थानिक स्पर्धा मिळून प्रमुख खेळाडूंना उसंत राहिली नाही. दुखापती वाढल्या. मंडळाशी करारबद्ध खेळाडूने दुखापतीनंतर अकादमीत येऊन उपचार आणि सराव करावा आणि तेथून तंदुरुस्तीचा दाखला मिळाल्यावरच संघात परतावे, अशी पद्धत रूढ झाली. चिन्नास्वामीच्या आवारातील मर्यादित जागेत राज्य संघटनेचे सामने, आयपीएल आणि अकादमी यांची दाटी असे. त्यात स्वाभाविकपणे अग्रक्रम मिळाला तो नामवंतांना. बातम्यांतही एनसीएचे नाव येऊ लागले ते अमुक खेळाडू तेथे दाखल झाला किंवा अमुक तेथून तंदुरुस्त ठरला, एवढ्यापुरतेच.

हे काम कमी महत्त्वाचे नाही. पाठीच्या शस्त्रक्रियेनंतर जसप्रीत बुमराह ऑगस्ट २०२३ मध्ये मैदानावर परतला. डिसेंबर २०२२ मधील भीषण मोटार अपघातातून वाचलेला ऋषभ पंत मार्च २०२४ मध्ये पुन्हा यष्टींमागे उभा राहिला. दोघांचेही पुनर्वसन बेंगळूरुत झाले आणि जून २०२४ मध्ये ट्वेन्टी-२० विश्वचषक जिंकणाऱ्या संघात दोघेही होते. बुमराह तर त्या स्पर्धेचा मानकरी. मात्र एकाच संस्थेकडे रुग्णालय, राष्ट्रीय संघाचे सराव केंद्र आणि होतकरूंची शाळा अशी तिन्ही कामे आली, की सर्वांत कमी आवाज असलेल्याचे काम मागे पडते. १७ वर्षांच्या मुलाला आवाज नसतो.

द्रविड यांनी काय बदलले?

२०१५ मध्ये राहुल द्रविड यांनी भारत ‘अ’ आणि १९ वर्षांखालील संघांची सूत्रे घेतली. जुलै २०१९ मध्ये ते एनसीएचे प्रमुख झाले. त्यांच्या काळातील एक निर्णय आवर्जून सांगण्यासारखा आहे. २०१६ मध्ये मंडळाने ठरवले, की एका खेळाडूने एकच युवा विश्वचषक खेळायचा. वरवर पाहता यात नुकसान होते, कारण अनुभवी खेळाडू बाद होतो. पण युवा विश्वचषक हे अंतिम ध्येय नसून मोठ्या क्रिकेटकडे जाण्याची एक पायरी आहे, हे त्यातून ठसवले गेले. जास्तीत जास्त मुलांना संधी मिळाली, तीही निकालावर परिणाम न होता. २०१८ आणि २०२२ मध्ये भारताने हा चषक जिंकला, तर २०१६, २०२० आणि २०२४ मध्ये अंतिम फेरी गाठली.

दुसरा बदल ‘अ’ संघांच्या परदेश दौऱ्यांचा. शुभमन गिल, मोहम्मद सिराज, ऋषभ पंत यांना कसोटीपूर्वी परक्या खेळपट्ट्यांवर खेळायला मिळाले. जानेवारी २०२१ मध्ये दुखापतींनी निम्मा संघ बाहेर असताना ब्रिस्बेनमध्ये भारताने ऐतिहासिक विजय मिळवला. त्यात गिलच्या ९१, पंतच्या नाबाद ८९ धावा आणि सिराजचे एका डावातील पाच बळी होते. मागची फळी किती तयार होती, हे त्या दिवशी दिसले. डिसेंबर २०२१ पासून हे काम व्ही. व्ही. एस. लक्ष्मण यांच्याकडे आले.

नव्या केंद्रात वेगळे काय?

तीन मैदाने आणि एकूण ८६ खेळपट्ट्या. त्यातील ४५ केवळ उघड्यावरील सरावासाठी आहेत. पाऊस असला तरी सराव थांबू नये म्हणून छताखालच्या खेळपट्ट्या, व्यायामशाळा, जलतरण तलाव आणि शास्त्रीय चाचण्यांची सोय आहे. सर्वांत उपयोगाची गोष्ट आहे माती. मुख्य मैदानावरील खेळपट्ट्या मुंबईहून नेलेल्या लाल मातीच्या आहेत. अन्यत्र कर्नाटकातील मंड्याची आणि ओडिशातील कलाहंडीची काळी कापसाची माती वापरली आहे. लाल मातीवर चेंडू उसळतो आणि ती लवकर सुटते. काळी माती ओलावा धरून ठेवते, तिच्यावर चेंडू खाली राहतो आणि थांबून येतो. विदर्भात काळ्या मातीवर वाढलेला मुलगा वानखेडेच्या लाल मातीवर प्रथमच उतरतो, तेव्हा त्याचा गोंधळ होतो. हा फरक त्याला सामन्याआधी सरावात अनुभवता आला, तर फायदा मोठा आहे. जागा वाढल्याने पूर्वीचे अडचणीचे कारणही उरलेले नाही. नामवंतांचे पुनर्वसन आणि मुलांचे शिबिर आता एकाच वेळी चालू शकते. म्हणूनच आता अपेक्षाही वाढायला हव्यात.

वयचोरीचे काय?

वयोगट क्रिकेटला लागलेली ही जुनी कीड आहे. जन्मदाखल्यात वर्ष-दोन वर्षे कमी दाखवायची आणि मोठ्या ताकदीच्या जोरावर लहान मुलांत चमकायचे. मंडळाने २०१२ पासून मनगटाच्या क्ष-किरणावरून हाडांचे वय ठरवणारी चाचणी लागू केली. २०२० मध्ये स्वतःहून चूक कबूल करणाऱ्यांना माफी आणि लपवणाऱ्यांवर दोन वर्षांची बंदी, अशी योजना आणली. डिसेंबर २०१५ मध्ये पतौडी स्मृती व्याख्यानात द्रविड यांनी या प्रश्नावर कठोर शब्दांत बोट ठेवले होते. वय लपवणारा मुलगा एका प्रामाणिक मुलाची जागा घेतो, आणि त्याहून वाईट म्हणजे खोटेपणाचा पहिला धडा त्याला घरच्यांकडून आणि प्रशिक्षकांकडून मिळतो, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता.

चाचणी हा उपाय आहे, पण पुरेसा नाही. शरीरशास्त्रीय अंदाजात थोडा फरक राहतोच आणि त्यामुळे एखाद्या प्रामाणिक मुलावरही अन्याय होऊ शकतो. मुळात १६ वर्षांखालील स्पर्धेतील धावा आणि बळी यांनाच प्रवेशाचे तिकीट मानले, तर फसवणुकीचा मोह संपणार नाही. उशिरा वाढणारी, अंगाने किरकोळ पण तंत्राने पक्की मुले आज मागे पडतात. त्यांच्यासाठी १९ आणि २३ वर्षांखालील टप्प्यावर पुन्हा दार उघडे असले पाहिजे.

कोवळ्या पाठीवर किती भार?

वेगवान गोलंदाजाच्या कण्याचे खालचे मणके विशीच्या मध्यापर्यंत पूर्ण पक्के होत नाहीत. त्याआधी अति गोलंदाजी केली, तर हाडाला तडा जाण्याचा धोका असतो. म्हणून इंग्लंडमध्ये १३ वर्षांखालील वेगवान गोलंदाजाला सलग पाच आणि दिवसात दहाच षटके, अशी मर्यादा अनेक वर्षे घालून दिलेली आहे. आपल्याकडे मात्र होतकरू गोलंदाज शाळेसाठी, क्लबसाठी, जिल्ह्यासाठी आणि खासगी अकादमीच्या सामन्यांत एकाच आठवड्यात खेळतो. एकूण किती चेंडू टाकले, याची वही कोणीच ठेवत नाही.

२०१८ च्या युवा विश्वचषकात कमलेश नागरकोटी आणि शिवम मावी यांच्या वेगाने जगाचे लक्ष वेधले होते. नंतरची त्यांची अनेक वर्षे दुखापतींशी झुंजण्यात गेली. हा दोष एका संस्थेचा किंवा व्यक्तीचा नाही. पण १८ वर्षांचा गोलंदाज बेंगळूरुला पोहोचतो तेव्हा त्याच्या पाठीवर आधीच काही हजार चेंडूंचा भार असतो. तो कमी करायचा, तर काम जिल्हा पातळीवर व्हायला हवे. तेथे प्रशिक्षित फिजिओ दूरच, साधी नोंदवहीही नसते.

औषधांचेही तसेच. २०१९ मध्ये पृथ्वी शॉवर आठ महिन्यांची बंदी आली. खोकल्याच्या औषधातून बंदी असलेला घटक नकळत शरीरात गेल्याचे त्याचे म्हणणे मंडळाने मान्य केले होते. युवा विश्वविजेत्या संघाचा कर्णधार आणि कसोटी पदार्पणात शतक करणारा खेळाडू जर असा अडकू शकतो, तर तालुक्याच्या गावातील मुलाला आणि त्याच्या घरच्या डॉक्टरांना ही यादी कोण समजावून सांगणार?

जे निवडले जात नाहीत त्यांचे पुढे काय?

साधा हिशेब करून पाहावा. रणजी करंडकात ३८ संघ आहेत. प्रत्येक संघटनेच्या १९ वर्षांखालील संघात १५ मुले धरली, तर एका हंगामात ५७० मुले राज्याची टोपी घालतात. युवा विश्वचषकाला जातात १५. आयपीएलच्या दहा संघांत प्रत्येकी जास्तीत जास्त २५ खेळाडू, त्यातील आठपर्यंत परदेशी. म्हणजे संघ पूर्ण भरले तर भारतीयांसाठी साधारण १७० जागा, आणि त्या सर्व वयोगटांतील खेळाडूंत वाटलेल्या. उरलेली मुले अपयशी नसतात, जागाच तेवढ्या असतात.

उन्मुक्त चंदने २०१२ मध्ये युवा विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात नाबाद १११ धावा करून भारताला जिंकून दिले. मुख्य संघाचे दार त्याच्यासाठी उघडले नाही. २०२१ मध्ये तो भारतीय क्रिकेटमधून निवृत्त होऊन अमेरिकेला गेला. त्याला निदान दुसरी वाट सापडली. ज्यांची नावे कोणाला ठाऊक नाहीत, ज्यांनी दहावीनंतर शाळेकडे पाठ फिरवली आणि २३ व्या वर्षी संघाबाहेर झाले, त्यांचे काय? पूर्वी रेल्वे, बँका, टाटा, महिंद्र अशा आस्थापनांत क्रिकेटपटूंना नोकरी मिळे. टाइम्स शील्डसारख्या स्पर्धा त्यावर उभ्या होत्या. तो आधार आता पातळ झाला आहे.

बांगलादेशात ढाक्याजवळच्या सावर येथील सरकारी क्रीडा शिक्षण संस्थेत मुले क्रिकेटसोबत शालेय शिक्षणही पूर्ण करतात. शाकिब अल हसन आणि मुशफिकुर रहीम तेथलेच. इंग्लंडमध्ये व्यावसायिक क्रिकेटपटूंची संघटना खेळाडूंना कारकीर्द चालू असतानाच शिक्षण आणि पुढच्या नोकरीबाबत मार्गदर्शन करते. आपल्याकडे २०१९ मध्ये खेळाडूंची संघटना झाली, पण ती निवृत्त खेळाडूंसाठी. आज खेळणाऱ्या, विशेषतः १७-१८ वर्षांच्या मुलांच्या बाजूने बोलणारे कोणी नाही.

महाराष्ट्रासाठी यात काय धडा?

मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ असे रणजीचे तीन संघ या एका राज्यात आहेत. सर्वांत शिकण्यासारखे उदाहरण विदर्भाचे. कित्येक दशके हा संघ स्पर्धेत केवळ हजेरी लावत असे. नागपुरात निवासी अकादमी, वयोगटांच्या संघांवर सातत्याने खर्च आणि चंद्रकांत पंडित यांच्यासारखा कडक प्रशिक्षक या जोरावर त्याने २०१७-१८ आणि २०१८-१९ असे सलग दोनदा रणजी जिंकला. २०२४-२५ मध्ये पुन्हा विजेतेपद मिळवले, तेव्हा संघाचा कणा आपल्याच व्यवस्थेतून वर आलेल्या तरुणांचा होता. हर्ष दुबेने त्या मोसमात ६९ बळी घेऊन रणजीतील एका हंगामाचा विक्रम केला.

यातून दिसते ते असे, की राष्ट्रीय अकादमी ही वरची वर्गखोली आहे. पाया राज्याच्या आणि जिल्ह्याच्या अकादमीतच घातला जातो. पिंपरी-चिंचवडमधील थेरगावच्या वेंगसरकर अकादमीतून ऋतुराज गायकवाड पुढे आला. आझाद मैदानावर राहून शिकलेल्या यशस्वी जयस्वालला एका आयपीएल संघाच्या विदर्भातील तळेगाव येथील केंद्रात खेळ पक्का करता आला. विरारच्या आयुष म्हात्रेला १७ व्या वर्षी आयपीएलमध्ये संधी मिळाली. वाटा अनेक आहेत, त्या एकमेकींना जोडलेल्या नाहीत इतकेच.

काय व्हायला हवे?

पहिले, अकादमीने दरवर्षी आपला अहवाल जाहीर करावा. किती मुले-मुली आल्या, कोणत्या राज्यांतून आणि कोणत्या जिल्ह्यांतून, त्यातील किती पाच वर्षांनंतरही खेळत आहेत, किती जणांना मोठी दुखापत झाली. खेळपट्ट्यांची संख्या जाहीर होते, मग हे का नाही? दुसरे, १४ वर्षांपासून प्रत्येक नोंदणीकृत वेगवान गोलंदाजाची षटकांची आणि दुखापतींची नोंद ठेवावी. वयाच्या पडताळणीसाठी खेळाडूची नोंदणी होतेच, तीत ही भर घालणे मंडळाला अवघड नाही. तिसरे, शिबिरात येणाऱ्या मुलांसाठी दहावी-बारावी आणि पदवीचे शिक्षण चालू राहील अशी सोय राज्य मंडळे आणि मुक्त विद्यापीठांशी बोलून करावी. चौथे, जिल्ह्यांतील प्रशिक्षक घडवावेत. एका मुलाला बेंगळूरुत सहा आठवडे शिकवण्यापेक्षा त्याच्या गावच्या प्रशिक्षकाला सहा आठवडे शिकवले, तर लाभ पुढील वीस वर्षे मिळतो.

शेवटी, न निवडलेल्यांचीही कदर करावी. अमोल मुझुमदार यांनी प्रथम श्रेणी क्रिकेटमध्ये ११ हजारांहून अधिक धावा केल्या, पण भारताकडून खेळण्याची संधी त्यांना कधीच मिळाली नाही. शालेय वयात सचिन आणि विनोद कांबळी यांची ६६४ धावांची भागी चालू असताना ते पॅड बांधून बसून राहिले होते. २ नोव्हेंबर २०२५ रोजी नवी मुंबईत भारतीय महिला संघाने विश्वचषक जिंकला, तेव्हा त्या संघाचे मुख्य प्रशिक्षक होते मुझुमदार. खेळाडू म्हणून ज्याला जागा मिळाली नाही, त्याच्याकडेही देशाला देण्यासारखे खूप असते. प्रशिक्षक, पंच, फिजिओ, विश्लेषक, क्युरेटर अशी कितीतरी माणसे भारतीय क्रिकेटला हवी आहेत आणि ती दरवर्षी घरी परतणाऱ्या त्या शेकडो मुलांतच आहेत.

४० एकरांच्या या केंद्रातून पुढचा बुमराह किंवा स्मृती मानधना निघेल, यात शंका नाही. एवढ्या मोठ्या देशात ते कोणत्याही व्यवस्थेतून निघतातच. केंद्राची खरी परीक्षा त्या मुलाच्या बाबतीत होईल, जो सहा आठवडे तेथे राहून पुन्हा आपल्या गावच्या मैदानावर परततो. तो धडधाकट शरीराने, अर्धवट न सुटलेल्या शिक्षणासह आणि पुढे काय करायचे याच्या स्पष्ट कल्पनेसह परतला, तर ही अकादमी खऱ्या अर्थाने राष्ट्रीय म्हणता येईल.